स्कूबासाठी समुद्र निवडताना आधी महिना ठरवा, बेट शेवटी

नाशिकहून स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याची, सहल ठरते तेव्हा बहुतेक घरांत सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. कुणीतरी मालदीवचे निळेशार फोटो दाखवतं, कुणाच्या ओळखीत अंदमानचं पॅकेज करणारा असतो, आणि बेटाचं नाव आधीच पक्कं होतं. सुट्टी नेमकी कधी, पाण्यात कोण कोण उतरणार, कुणाकडे प्रमाणपत्र आहे, हे प्रश्न तिकिटं हातात आल्यावर निघतात. तोवर उशीर झालेला असतो. कारण समुद्राचं वेळापत्रक वाऱ्यावर चालतं आणि ते आपल्या सुट्टीसाठी बदलत नाही.

म्हणून आधी महिना बघा. मग पाण्यात उतरणाऱ्यांची तयारी, त्यानंतर दिवसांचा हिशेब. या तिन्हींतून जी दोन-तीन नावं शिल्लक राहतील, त्यांतून खिशाला परवडेल ते बेट घ्या.

महिना

उष्ण कटिबंधातल्या समुद्रात पाणी बाराही महिने उबदार असतं, साधारण २७ ते ३० अंश. त्यामुळे थंडीचा प्रश्न फारसा नसतो. प्रश्न असतो वाऱ्याचा. मोसमी वारा ज्या किनाऱ्यावर थेट येतो तिथे लाटा उठतात, नद्यांचा गाळ समुद्रात येतो आणि पाण्याखाली हाताचा पंजाही धड दिसत नाही. त्याच वेळी बेटाची दुसरी बाजू शांत असू शकते. श्रीलंका हे याचं सगळ्यात सोपं उदाहरण. तिच्या पश्चिमेला हिक्कडुवाकडे नोव्हेंबर ते एप्रिल चांगला हंगाम असतो, तर पूर्वेला त्रिंकोमालीकडे साधारण मे ते सप्टेंबर. ‘श्रीलंकेला कधी जावं?’ याला एक उत्तर नाहीच, ‘कुठल्या किनाऱ्याला?’ असं विचारावं लागतं. थायलंडचंही तसंच आहे. फुकेतच्या बाजूचं सिमिलन राष्ट्रीय उद्यान साधारण १५ मे ते १५ ऑक्टोबर पर्यटकांसाठी बंद असतं, पण आखाताच्या बाजूचं को ताओ बेट त्या काळात बऱ्यापैकी चालू असतं आणि उलट ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे जोराचा पाऊस असतो.

आता आपल्या सुट्ट्या लावून बघू.

दिवाळीची सुट्टी सगळ्यात फसवी. पाऊस संपला म्हणून सगळे निघतात, पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ आहे. अंदमानात तेव्हा डायव्हिंग सुरू झालेलं असतं, तरी एखादं वादळ आलं की बेटांमधल्या फेरी बोटी रद्द होतात. मालवणात बोटी सुरू असतात, पण गाळ पूर्ण बसलेला नसतो. दिवाळीतच जायचं असेल आणि परदेशाची तयारी असेल तर बाली बघा. तिथला कोरडा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो.

नाताळात जवळपास सगळं उघडं असतं: मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी, लक्षद्वीप, अंदमान, मालदीव. आणि तेवढंच महाग. शिवाय मालवणात त्या आठवड्यात बोटींची रांग लागते, आणि पाण्याखाली माशांपेक्षा माणसांचे पाय जास्त दिसतात. त्यापेक्षा जानेवारीचा दुसरा पंधरवडा कितीतरी बरा.

फेब्रुवारी ते एप्रिल हा अंदमानचा सर्वांत शांत आणि स्वच्छ काळ. अडचण आपलीच असते: दहावी-बारावीच्या परीक्षा, आणि दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची काढणी. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर पहिला पंधरवडा धरा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो, पण अंदमानात त्याआधीच, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पोचतो. ‘पाऊस तर जूनमध्ये’ म्हणून २२ मेचं तिकीट काढणारे इथेच फसतात. कोकणातलं जलपर्यटनही मेअखेरीस बंद होऊन पावसाळाभर बंदच राहतं.

ज्यांच्याकडे द्राक्षबाग आहे त्यांचं गणित वेगळं. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि मधली काढणी धरली तर सलग आठवडाभर सवड मिळते ती बहुधा पावसाळ्यात. तेव्हा भारतातल्या पश्चिम किनाऱ्याचं नाव काढू नका, पण हताशही होऊ नका. जुलै ते सप्टेंबर बाली आणि त्रिंकोमाली दोन्ही रंगात असतात. मालदीवच्या बा अॅटॉलमधल्या (अॅटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हनिफारू उपसागरात जून ते नोव्हेंबर मांटा रे माशांचे थवे येतात. मात्र हनिफारूच्या आत स्कूबाला परवानगी नाही, फक्त स्नॉर्कलिंग, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावरूनच खाली बघणं, करता येतं. ‘मांटा डायव्हिंग’ म्हणून पॅकेज विकणाऱ्याला हे आधी विचारा.

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर बघा आणि अमावास्या-पौर्णिमा कुठे येतात ते पाहा. त्या दिवसांच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं-उतरतं, प्रवाह जोराचा होतो, तळाची वाळू ढवळते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी कमी हलतं आणि स्वच्छ दिसतं. मालवणसारख्या उथळ ठिकाणी हा फरक डोळ्यांना जाणवतो. कोकणातल्या मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही. नाशिकच्या ट्रॅव्हल एजंटला सांगावं लागेल.

पाण्यात उतरणार कोण?

एकाच कुटुंबात तीन प्रकारचे लोक असतात आणि तिघांसाठी एकच बेट योग्य असेलच असं नाही.

पहिला, ज्याला फक्त एकदा बघायचंय. याला ‘ट्राय डाइव्ह’ किंवा ‘डिस्कव्हर स्कूबा’ म्हणतात. प्रमाणपत्र लागत नाही, खोली जास्तीत जास्त १२ मीटर, आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ जवळ असतो. पोहता येत नसलं तरी बऱ्याच ठिकाणी घेतात. फक्त एवढ्यासाठी मालदीवचं विमान पकडणं आमच्या मते पैशांची नासाडी आहे. मालवण-तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान पुरे. मालवणात अजून एक गोष्ट विचारून घ्या: हवेची टाकी पाठीवर असणार की बोटीवरून लांब नळीने हवा देणार? दोन्हींत पाण्याखालचं दिसतं, पण दुसऱ्याला स्कूबा म्हणत नाहीत आणि त्याचे पैसेही स्कूबाइतके देऊ नयेत.

दुसरा, ज्याला शिकायचंय. ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रमात ऑनलाइन अभ्यास, तलावात किंवा उथळ पाण्यात सराव, आणि समुद्रात चार डाइव्ह असतात. सगळं धरून तीन ते चार दिवस लागतात. वयाची अट १० वर्षं, १५ वर्षांखालच्यांना ज्युनियर प्रमाणपत्र मिळतं. पोहण्याची चाचणी असते: न थांबता २०० मीटर पोहायचं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहायचं. वेळेचं बंधन नाही. २५ मीटरच्या तलावात आठ फेऱ्या म्हणजे २०० मीटर. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी तलावाचा पास काढा आणि या आठ फेऱ्या दमछाक न होता होईपर्यंत जा. गोदावरीत सूर मारता येणं म्हणजे पोहता येणं नव्हे. पहिल्या शंभर मीटरनंतर श्वास तुटणारे बहुतेक जण वेगामुळे दमतात. हळू पोहा.

अभ्यास घरून उरकून जाणं सगळ्यात शहाणपणाचं, नाहीतर बेटावरचे दोन दिवस खोलीत व्हिडिओ बघण्यात जातात. तलावातला भागही मुंबई-पुण्यात करून समुद्रातल्या चार डाइव्ह दुसरीकडे पूर्ण करता येतात. याला ‘रेफरल’ म्हणतात. पुढचं केंद्र रेफरलचा कागद मानतं का, हे पैसे भरण्याआधी दोन्ही केंद्रांकडून लेखी घ्या. पाडी आणि एसएसआय या प्रमाणपत्र देणाऱ्या दोन संस्था आपल्याकडे जास्त चालतात. दोघांचं ओपन वॉटर कार्ड, म्हणजे प्रमाणपत्र, जगभर स्वीकारलं जातं. संस्थेपेक्षा प्रशिक्षक महत्त्वाचा.

शिकण्यासाठी बेट निवडताना उथळ, शांत आणि वाळूचा तळ असलेलं पाणी हवं. अंदमानातल्या हॅवलॉकमध्ये (आताचं स्वराज द्वीप) नेमो रीफ याच कामाचं आहे. किनाऱ्यावरूनच उतरता येतं. को ताओ तर शिकणाऱ्यांचंच बेट आहे: केंद्रं भरपूर, स्पर्धेमुळे दर आटोक्यात. तिथे एकच धोका असतो, मोठ्या वर्गात ढकललं जाण्याचा.

तिसरा, ज्याच्याकडे कार्ड आहे. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, त्यापुढच्या अॅडव्हान्स्ड अभ्यासक्रमाची ३० मीटर. बेट निवडताना तिथल्या नावाजलेल्या जागा किती खोल आहेत ते बघा. हॅवलॉकच्या डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या जागांसाठी नुसतं ओपन वॉटर कार्ड अपुरं पडतं. मालदीवमध्ये कायद्यानेच ३० मीटरची मर्यादा आहे, पण तिथला खरा प्रश्न प्रवाहाचा. अॅटॉलच्या तोंडाशी पाणी इतक्या जोरात आत-बाहेर करतं की पंचवीस-तीस डाइव्ह झालेल्यालाही घाम फुटावा. बालीजवळच्या नुसा पेनिडालाही तेच, आणि शिवाय तिथे खालून थंड पाणी वर येतं. तापमान २० अंशांच्या खालीही जाऊ शकतं. सनफिश म्हणजे मोला मोला बघायला जुलै ते ऑक्टोबर लोक तिथे जातात, पण पहिल्या दहा डाइव्हसाठी ती जागा नव्हे. त्याच बालीत तुलंबेनला ‘लिबर्टी’ जहाजाचा सांगाडा किनाऱ्यापासून अगदी जवळ, उथळ पाण्यापासून सुमारे ३० मीटरपर्यंत पडलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये या जहाजावर टॉर्पेडो बसला, ते किनाऱ्यावर आणून टेकवलं, आणि १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. नवख्यालाही झेपेल अशी ही जागा आहे.

शेवटची डाइव्ह होऊन वर्ष उलटलं असेल तर पहिल्या दिवशी उजळणीची डाइव्ह घ्या. बहुतेक चांगली केंद्रं स्वतःहून आग्रह धरतात. जे धरत नाहीत त्यांच्याबद्दल शंका घ्या.

डॉक्टरचा कागद नाशिकमध्येच घ्या

प्रत्येक जबाबदार केंद्र पाण्यात उतरवण्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतं. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, मधुमेहाची औषधं, गर्भारपण असे प्रश्न त्यात असतात. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरची सही असल्याशिवाय उतरवत नाहीत. ही प्रश्नावली केंद्राकडून आधी मागवा, घरी भरा, गरज असेल तर इथेच आपल्या डॉक्टरकडून सही घ्या. बेटावर सकाळी सात वाजता डॉक्टर शोधत फिरण्यात डाइव्ह जाते आणि पैसेही परत मिळत नाहीत. काहीजण यावर ‘सगळ्याला नाही लिहून टाक’ असा उपाय सांगतात. दमा असलेल्या माणसाने हा उपाय करू नये, कारण वर येताना फुप्फुसात अडकलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं.

सर्दी हा सहल बुडण्याचा सगळ्यात साधा आणि सगळ्यात मोठा प्रकार. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा, विशेषतः निफाडकडचा पारा दहाच्या खाली उतरतो. तिथून रात्रभर एसी गाडी, मग एसी विमान, आणि बेटावर पोचेपर्यंत नाक चोंदलेलं. नाक चोंदलं की कानातला दाब समान होत नाही आणि दोन-तीन मीटरवरच कान ठणकायला लागतो. मग गोळी किंवा नाकात थेंब टाकून उतरण्याचा मोह होतो. औषधाचा असर पाण्याखालीच संपला तर हवा आत अडकते आणि वर येताना दुखतं, आणि वर तर यावंच लागतं. सर्दी असेल तर डाइव्ह सोडा. त्यासाठी कार्यक्रमात एक रिकामा दिवस ठेवा. प्रवासात अंगावर जाडसर काहीतरी घ्या.

कान दुखेपर्यंत थांबू नका. नाक धरून हळूच हवा दाबायची ती उतरायला लागल्याक्षणी, आणि दर अर्ध्या-एक मीटरला. दुखल्यावर जोर लावला तर कानाचा पडदा दुखावतो. तेव्हा थोडं वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा.

दिवसांचा हिशेब: विमान, आणि घाट

पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण निघण्याआधी हवेचा दाब कमी असलेल्या ठिकाणी गेलात तर रक्तात आणि सांध्यांत बुडबुडे होतात. म्हणून सर्वमान्य नियम असा: एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास, आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास थांबायचं. २४ तास धरलेत तर डोक्याला ताप नाही.

विमानाचा नियम सगळे सांगतात. घाटाचा कुणी सांगत नाही, आणि नाशिककरांना तोच लागू पडतो. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी जाण्यासाठीही हाच हिशेब धरतात. मालवणात सकाळी डाइव्ह करून, जेवून, दुपारी गाडी काढली की आंबोली किंवा गगनबावड्यामार्गे तीन तासांच्या आत तुम्ही घाटमाथ्यावर असता. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, आणि नाशिकही ६०० मीटरच्या आसपास. सात-आठ मीटर खोलीच्या वीस मिनिटांच्या ट्राय डाइव्हनंतर धोका फार मोठा नाही, पण दोन-तीन दिवस नीट डायव्हिंग केलेल्याने त्याच दुपारी घाट चढू नये. उपाय सोपा आहे: डायव्हिंग आधीच्या दिवशी संपवा, शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ला आणि सोलकढी-माशांच्या जेवणासाठी ठेवा, रात्री झोपा आणि पहाटे निघा.

अंदमानचा हिशेब असा मांडा. पहिला दिवस प्रवासात जातो: मुंबईहून पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), तिथून फेरीने स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरला दुपारनंतर पोचणारं विमान घेतलं तर शेवटची फेरी चुकते आणि एक रात्र विनाकारण तिथे जाते. सकाळी लवकर उतरणारं घ्या. दुसरा, तिसरा, चौथा दिवस डायव्हिंगचा. सकाळच्या बोटीने दोन डाइव्ह, दुपार आराम. पाचवा दिवस कोरडा ठेवा: राधानगर किनारा, कायाकिंग, झोप. फेरी किंवा डाइव्ह हवामानामुळे रद्द झाली तर हाच दिवस कामाला येतो. सहाव्या दिवशी फेरीने पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल. सातव्या दिवशी सकाळी विमान. फेरीतून उतरून त्याच दिवशीचं विमान पकडण्याचा बेत करणाऱ्याला आम्ही हात जोडतो.

नाशिक-मुंबई विमानतळाचा वेळ वेगळा धरा. समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण आमण्यापुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. पहाटेचं विमान असेल तर रात्री दहा-अकराला निघणं बरं.

खर्च डाइव्हवर मोजा

पॅकेजची एकूण रक्कम बघू नका. एकूण खर्चाला पाण्यात होणाऱ्या डाइव्हच्या संख्येने भागा. समजा एका सहलीला माणशी ६०,००० रुपये लागतात आणि चार डाइव्ह होतात. म्हणजे डाइव्हमागे १५,०००. दुसरीला ८०,००० लागतात पण दहा होतात, म्हणजे ८,०००. स्वस्त वाटलेली सहल जवळजवळ दुप्पट महाग निघाली. दोनच डाइव्ह करायच्या असतील तर लांबचा प्रवास क्वचितच परवडतो. तिथे मालवण-नेत्राणी जिंकतात.

पॅकेजमध्ये साहित्याचं भाडं, डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र), बोटीचं इंधन, राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क, फोटो-व्हिडिओ हे धरलंय का ते विचारा. व्हिडिओवर बरीच केंद्रं जादा कमावतात. हे पैसे नंतर निघतात तेव्हा चिडचिड होते.

जागांबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट

मालवण-तारकर्ली: पोचायला सोपं, जेवण आपलं, पाणी मात्र बऱ्याचदा गढूळ. चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी दोन-तीन. नाशिकरोडहून कल्याण-ठाण्याला जाऊन कोकण रेल्वेची गाडी पकडा, कुडाळ किंवा कणकवलीला उतरा. एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तारकर्लीत आहे. मासे जवळ यावेत म्हणून बिस्किटं टाकणारे बोटवाले टाळा; मैद्याने माशांचं पोट बिघडतं आणि तुम्हाला दिसतात ते फक्त भुकेले मासे.

नेत्राणी: कर्नाटकात मुरुडेश्वरपासून बोटीने तास-दीड तास. पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ. हंगाम ऑक्टोबर ते मे. बोटीचा प्रवास मळमळणाऱ्यांना जड जातो.

गोवा, ग्रँड आयलंड: बुडालेल्या जहाजांचे सांगाडे आहेत, पण पाणी गढूळ. गोव्याला जाणारच असाल तर एक दिवस ठीक. खास स्कूबासाठी जाऊ नका.

अंदमान: भारतात शिकणाऱ्यासाठी आणि मध्यम अनुभवाच्या माणसासाठी पहिली पसंती. शुद्ध शाकाहारी आणि जैन जेवण सांगितलं की मिळतं. बुडबुड्यांच्या आजारावर लागणारा दाबकक्ष जवळात जवळ कुठे आणि तिथवर रात्री कसं पोचवतात, हे केंद्राला आधीच विचारा. स्वराज द्वीपहून रात्री फेरी नसते.

लक्षद्वीप: पाणी अंदमानपेक्षाही निळं, पण प्रवेश परवाना लागतो आणि तो हातात आल्याशिवाय तिकिटं काढू नयेत. अगत्तीचं विमान कोचीहून. नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला जाते. विमानाचे पैसे वाचवायचे असतील तर उपयोगी, पण गाडी उशिरा पोचली तर पुढचं विमान जाईल, म्हणून कोचीत एक मुक्काम ठेवा.

मालदीव: रिसॉर्टचे दर बघून घाबरू नका. माफुशी, धिगुरा अशा स्थानिक बेटांवर गेस्ट हाउस आहेत. तिथे दारू नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात. दक्षिण आरी अॅटॉलमध्ये व्हेल शार्क वर्षभर दिसण्याची शक्यता असते. फुवामुला टायगर शार्कसाठी प्रसिद्ध. नवख्याने तिकडे जाऊ नये.

परदेशी जायचं तर पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने वैध हवा. व्हिसाचे नियम बदलत राहतात; थायलंड, इंडोनेशिया, श्रीलंका या तिन्हींचे नियम तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा, मित्राच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका.

प्रवाळाचे जुने फोटोही फसवतात. पाणी जास्त तापलं की प्रवाळ पांढरं पडतं. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत हिंद महासागरात हे मोठ्या प्रमाणावर झालं. लक्षद्वीपलाही २०२४ मध्ये फटका बसला. केंद्राकडून गेल्या महिन्यातला व्हिडिओ मागा.

केंद्राला विचारायचं आणि ऐकायचं

एका प्रशिक्षकामागे किती जण? ट्राय डाइव्हला समुद्रात चारपेक्षा जास्त नकोत. दोन असतील तर उत्तम. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? कार्डधारकाला डाइव्ह कॉम्प्युटर मिळतो का? गटातला सर्वांत नवखा कोण असेल त्याप्रमाणे जागा बदलता का? हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख? हे सगळं फोनवर विचारा आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. आरोग्याचा फॉर्म भरून न घेणारा, उतरण्याआधी हातांच्या खुणा न शिकवणारा, श्वास कधीही रोखून धरायचा नाही हे न बजावणारा माणूस कितीही स्वस्त असला तरी नको.

साधारणपणे टाकी २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेली असते आणि ५० बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं. नवखे घाबरून जोरात श्वास घेतात आणि इतरांपेक्षा लवकर संपवतात. त्यात लाज नाही, पण ‘अजून थोडं’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाला खूण करून काटा दाखवा.

विमा काढताना ‘साहसी खेळ’ हा शब्द बघून समाधान मानू नका. पॉलिसीत स्कूबा स्पष्ट लिहिलंय का, किती मीटरपर्यंत, आणि दाबकक्षातले उपचार धरलेत का, हे बघा. बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत यातलं काहीतरी गळलेलं असतं. नियमित डायव्हिंग करणार असाल तर डॅनसारख्या डायव्हरांसाठीच्या संस्थेचा विमा घ्या.

सामानात स्वतःचा मास्क न्या, बाकी सगळं भाड्याने चालतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क बनवून घ्या. मिशी असलेल्यांचा मास्क नाकाखालून गळतो. मिशीची वरची कड नाकाच्या खाली बारीक पट्टीभर काढली की गळणं थांबतं. ३ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा रबरी पोशाख, पुरतो, नुसा पेनिडाला ५ मिलिमीटर मागा. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि सहलीआधी घरी एकदा खाऊन बघा, कारण काहींनी गाढ झोप येते. सकाळी हलके पोहे खाऊन निघा, मिसळ परतल्यावर.

बुकिंगचा क्रमही उलटा करा. आधी डाइव्ह केंद्राकडून तारखा आणि जागा लेखी घ्या, मग फेरी किंवा परवाना, मग विमान, आणि हॉटेल शेवटी. हॉटेल बदलता येतं. भरलेली बोट बदलत नाही.